विसार देण्याआधी स्वतःचा वकील गाठा

घर घेऊ किंवा विकू पाहणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना,

गुढीपाडवा तोंडावर आला आहे. पाठोपाठ १ एप्रिल, म्हणजे रेडी रेकनरचे दर बदलण्याची तारीख, आणि मग अक्षय्य तृतीया. घरांच्या व्यवहारांची गर्दी या दिवसांत दरवर्षी उसळते. "दर वाढायच्या आत उरकून टाका", "मुहूर्तावर निदान टोकन तरी द्या", "दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे" ही वाक्ये या घडीला कित्येक घरांत बोलली जात असतील. तुमच्याही घरात बोलली जात असतील, तर चेकवर सही करण्याआधी हे आवाहन शेवटपर्यंत वाचा, ही हात जोडून विनंती.

माझे मागणे एकच आहे. विसार देण्याआधी किंवा घेण्याआधी स्वतःचा वकील नेमा. स्वतःचा म्हणजे ज्याला तुम्ही शोधलेत, ज्याची फी तुम्ही देता आणि या व्यवहारात ज्याचे तुमच्याखेरीज कोणाशीही देणेघेणे नाही, असा.

मी वकील नाही. या सांगण्यातून मला काही मिळणार नाही. नोंदणी खात्यात लिपिक म्हणून लागलो आणि दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालो. लिहून देणार आणि लिहून घेणार, दोघेही माझ्या टेबलासमोर उभे राहत. फोटो निघे, अंगठा उमटे, दस्तावर शिक्के पडत. आणि हे सगळे झाल्यावर, उठता उठता, विशेषतः म्हातारी माणसे एक प्रश्न हमखास विचारत : "साहेब, सगळं नीट आहे ना?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे कधीच नव्हते. कारण त्या टेबलावर काय तपासले जाते ते ऐका. दस्त सही करणाऱ्यांनीच करून दिला आहे का, माणसे तीच आहेत का, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का, दस्त मुदतीत आला आहे का. नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे आणि त्याचा गाभा आजही हाच आहे : दस्ताची नोंद होते. विकणारा खरोखर मालक आहे का, एकटाच मालक आहे का, घरावर कर्ज आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, याचा निवाडा ते कार्यालय करत नाही. सरकारी शिक्का पाहून लोक निश्चिंत होतात. तो शिक्का दस्त नोंदला गेल्याचा असतो. घर निर्वेध असल्याची हमी त्यात नसते.

माझ्या घरात घडलेली गोष्ट

माझा मावसभाऊ एसटीतून निवृत्त झाला. फंडाचे पैसे हातात आले आणि त्याने एका गृहनिर्माण संस्थेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. विकणारा मुलगा सज्जन होता. फ्लॅट त्याच्या वडिलांचा. वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई त्यांच्या आधीच गेलेली. सोसायटीच्या दप्तरी वडिलांनी नॉमिनी म्हणून मुलाचे नाव लावले होते, म्हणून भागदाखला मुलाच्या नावे झाला. एजंटाने तो दाखला दाखवला, सोसायटीने ना हरकत पत्र दिले आणि खरेदीखत झाले. दस्त माझ्याच कार्यालयात नोंदला गेला. दस्तात काही खोट नव्हती. मुद्रांक पूर्ण, साक्षीदार दोन, अंगठे स्पष्ट.

दीड वर्षाने कोर्टाचे समन्स आले. विकणाऱ्याला दोन लग्न झालेल्या बहिणी होत्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसताना वडिलांच्या मिळकतीत मुलगा आणि मुली यांचा वाटा सारखा. नॉमिनी झाल्याने मुलगा एकटा मालक झाला नव्हता. त्याचा वाटा होता एक तृतीयांश, आणि त्याने विकला होता अख्खा फ्लॅट. त्या बहिणींचे काहीच चुकले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सहा वर्षे तारखा पडल्या. मुलाकडचे पैसे तोवर खर्च झाले होते. शेवटी तडजोड झाली आणि बहिणींच्या वाट्याचे पैसे माझ्या मावसभावाने गावची जमीन विकून भरले.

"वकील नव्हता का?" असे तुम्ही विचाराल. होता. एजंटाने आणला होता. 'कागदपत्रांचे सगळे मिळून' जी रक्कम एजंटाने सांगितली, त्यातच त्याची फी होती. त्याने करारनामा तयार केला, आणि तो छान केला. पण "तुमचे वडील कधी वारले? तुम्ही भावंडे किती?" हे दोन प्रश्न त्याने विचारले नाहीत. विचारले असते तर बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी झाले असते, किंवा खरेदीखतावर त्यांच्या सह्या आल्या असत्या. काम आठवड्याभराचे होते.

आणि मी? विसार देण्याच्या आदल्या रविवारी तो माझ्याकडे चहाला आला होता. आम्ही तासभर फ्लॅटमधली हवा आणि उजेड यांविषयी बोललो. तुझा वकील कोण आहे, एवढे मी विचारले नाही. ते मला आजही खुपते, आणि म्हणून आज तुम्हा सर्वांना विचारतो आहे.

टेबलाभोवती बसलेला प्रत्येक वकील तुमचा नसतो

बिल्डरचा वकील मालकीहक्काचा दाखला देतो. तो दाखला उपयोगी आहे, पण त्याचा पक्षकार बिल्डर आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील कागद तपासतो, आणि "बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे सगळे साफ" असे आपण समजतो. बँक पाहते ती आपल्या कर्जाची वसुली. ताबा उशिरा मिळाला, पार्किंग करारात नसले, दंडाची कलमे एकतर्फी असली, तर त्यात बँकेचे काही बिघडत नाही. बिघडते ते तुमचे. एजंटाचा वकील एजंटाकडून पुढची कामे मिळण्यावर जगतो, आणि व्यवहार मोडला तर एजंटाला दलाली मिळत नाही. यातला कोणी लबाड आहे असे मी म्हणत नाही. प्रत्येक जण आपापल्या पक्षकाराचे काम करतो. त्या टेबलाशी तुमचे काम करणारे कोणी आहे का, एवढाच प्रश्न आहे.

नोटरीबद्दलही एक समज पक्का बसला आहे. पाचशेच्या मुद्रांकावर करार टंकून, नोटरीचा लाल शिक्का मारून घर 'नावावर झाले' असे मानणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली. नोटरी सहीची ग्वाही देतो. त्याने मालकी बदलत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीला नोंदणीकृत दस्त लागतोच. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर घर 'विकण्याच्या' पद्धतीलाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट नकार दिला : अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही.

कसा शोधाल, काय विचाराल

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे चांगला वकील फलकावर सापडणार नाही. तो विचारपूस करून शोधावा लागतो. गेल्या दोन-चार वर्षांत घर घेतलेल्या शेजाऱ्यांना विचारा, तुमचे आयकराचे काम पाहणाऱ्या सीएला विचारा, तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या बार रूममध्ये जाऊन चौकशी करा. दोघा-तिघांना भेटा. आणि भेटल्यावर पुढचे प्रश्न न लाजता विचारा. जो वकील या प्रश्नांवर चिडेल, त्याला नमस्कार करून उठा.

पहिला प्रश्न : तुमची सनद कोणत्या वर्षाची, क्रमांक काय? कायद्याची पदवी आणि सनद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सनद देते राज्याची बार कौन्सिल. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एक आहे. नाव आणि क्रमांक तिथे पडताळून घ्या.

दुसरा : तुमचे रोजचे काम कशाचे? फौजदारी न्यायालय गाजवणारा वकील फेरफार वाचण्यात पारंगत असेलच असे नाही. जो दर आठवड्याला शोध अहवाल करतो, सातबारा, मालमत्ता पत्रक आणि सूची क्रमांक २ सहज वाचतो आणि त्या भागातल्या जमिनींचा इतिहास जाणतो, तो हवा. इमारत उभी असलेली जमीन वर्ग-२ ची आहे का, मूळची कुळाची आहे का, शासनाने दिलेली आहे का, बिनशेती आदेश आहे का, यावर फ्लॅटचे भवितव्य ठरते.

तिसरा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा : विकणारा, बिल्डर किंवा एजंट यांच्यापैकी कोणाचे काम तुम्ही करता का? समोरच्या पक्षाशी काही संबंध असेल तर तो पक्षकाराला आधीच सांगणे हे वकिलावर बार कौन्सिलच्या नियमांनीच घातलेले बंधन आहे. "मी दोघांचेही बघतो, काळजी करू नका" असे उत्तर आले, तर काळजी करा.

चौथा : शोध किती वर्षांचा घेणार आणि स्वतः घेणार का? रूढ पद्धत ३० वर्षांची आहे आणि तिला कारण आहे. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला कायद्याने ३० वर्षांची मुदत दिली आहे. एवढ्या काळातले सगळे दस्त साखळीसारखे एकमेकांत अडकले पाहिजेत. एक कडी जरी निसटली, तरी ती का निसटली याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.

पाचवा : अहवाल लेखी, तुमच्या सहीने आणि सनद क्रमांकासह देणार का? तोंडी 'क्लिअर आहे' याला काही किंमत नाही.

सहावा : फी किती आणि तिच्यात काय काय येते? शोधाचा खर्च, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च, करारनाम्याचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी असे सगळे वेगवेगळे लिहून घ्या, पावती घ्या. फी ठरावीक असू द्या. व्यवहार पूर्ण झाला तरच फी, अशी अट घालू नका. तसे केल्यास व्यवहार उरकण्यात तुमच्या वकिलाचाही स्वार्थ गुंततो.

आणि सातवा : "हे घर घेऊ नका" असे तुम्ही एखाद्या पक्षकाराला शेवटचे कधी सांगितले होते? याचे उत्तर ज्याच्याकडे तयार असेल, तो वकील सहसा तुमचा होऊ शकतो.

त्याने काय पाहायचे, तुम्ही काय मागायचे

जुने घर असेल तर मूळ करारनामे डोळ्यांनी पाहायचे, झेरॉक्सवर भागवायचे नाही. 'मूळ कागद हरवला' असे कोणी म्हणाले तर थांबायचे, कारण मूळ कागद ठेवून बँकेचे कर्ज काढलेले असू शकते. भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सोसायटीची थकबाकी, जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, न्यायालयात दावा आहे की नाही, हे सगळे पाहायचे. मिळकत वारसाने आलेली असेल तर सगळे वारस मोजायचे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही जन्मतः हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. अज्ञान मुलाचा वाटा असेल तर पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतीची मुदत संपेपर्यंत मोठी रक्कम हातातून सोडायची नाही.

नवे घर असेल तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहायची. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याचा बिल्डरला अधिकार नाही, हे २०१६ च्या कायद्यातच लिहिले आहे. तरीही लोक 'बुकिंग ऑफर'च्या नावाखाली २०-२५ टक्के देऊन बसतात. करारनाम्याचा मसुदा आधी मागा, वकिलाकडून वाचून घ्या आणि त्याचा अर्थ मराठीत समजावून घ्या. तुम्हाला कळलेला नाही असा एकही परिच्छेद सहीच्या दिवशी दस्तात उरता कामा नये.

पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात किंवा त्याच्या कर्जखात्यात चेकने वा बँकेमार्फत जाऊ द्या. घराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. घर ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आपल्याला तर पैसे मिळणार, मग वकील कशाला, असे म्हणू नका. पूर्ण पैसे येण्याआधी ताबा द्यायचा का, 'पुढे काहीही निघाले तर विकणारा भरून देईल' या हमीची मर्यादा काय, भांडवली नफ्यावरचा कर कसा वाचेल, हे करारावर सही झाल्यावर विचारून उपयोग नाही.

जे दूर आहेत त्यांच्यासाठी

मुलगा अमेरिकेत, आई-वडील पुण्यात किंवा डोंबिवलीत आणि फ्लॅट मुलाच्या नावे, अशी घरे आता गल्लोगल्ली आहेत. विकणारा परदेशस्थ असेल तर वर सांगितलेला १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कपात कितीतरी जास्त असते, आणि ती केली नाही तर घेणाऱ्याला जाब द्यावा लागतो. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते. ते फक्त त्या घरापुरते आणि त्या कामापुरते असावे.

गोव्यात घर घेणाऱ्या मुंबईकर-पुणेकरांनी तर तिथलाच वकील करावा. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तिथल्या कौटुंबिक कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा सामाईक असते. विक्रीला दोघांच्या सह्या लागतात आणि वारसांची 'इन्व्हेंटरी' ही वेगळीच प्रक्रिया असते. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या अनुभवावर ती पार पडत नाही.

इतकी घाई करून का सांगतो

चुकीचा वकील निवडल्यावर हातात फार थोडे उरते म्हणून. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वकिलाच्या सेवेतील उणिवेसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानीचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो. पण त्या दोन्ही वाटा लांबच्या आहेत आणि घराचे पैसे तोवर गेलेले असतात. म्हणून सारी सावधगिरी निवडतानाच घ्यायची.

खर्चाचे म्हणाल, तर मुंबईत पुरुषाच्या नावे ६० लाखांचे घर घेतले की ५ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का मेट्रो अधिभार मिळून ३ लाख ६० हजार रुपये आपण मुकाट्याने भरतो. एजंटाची दलाली देतो. वास्तुशांतीच्या जेवणावळीत हात आखडत नाही. आणि नेमके ते घर आपलेच राहील ना, हे पाहणाऱ्याच्या फीवर घासाघीस करतो. ज्यांना खरोखरच परवडत नाही त्यांनीही वकिलावाचून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि मर्यादित उत्पन्नाच्या लोकांना मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे, आणि त्यात सल्लाही येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जाऊन अर्ज करा.

सोसायट्यांच्या सचिवांना माझी विनंती आहे की ना हरकत पत्र मागायला आलेल्या माणसाला "तुमचा वकील कोण?" हा प्रश्न विचारण्याची प्रथा पाडा. एजंट बांधवांनो, "तुमचा वकील तुम्ही आणा" असे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. तुमच्या शब्दाचे वजन त्याने वाढेलच. वकील मंडळींनो, छोट्या घराच्या छोट्या फीच्या कामाला हलके समजू नका. ज्याच्याकडे एकच घर आहे, त्याच्याकडे गमवायला दुसरे काही नसते. आणि नोकरीला लागलेल्या लेकी-लेकांनो, आई-वडील फंडाचे पैसे कुठे घालत आहेत ते आज रात्रीच विचारा. चेक अजून दिला नसेल तर थांबवा.

पाडवा पुढच्या वर्षीही येईल. मुहूर्त चुकला तर घर अडत नाही. गुढी उभारा, पेढे वाटा आणि विसाराचा चेक पंधरा दिवस कपाटातच राहू द्या. या पंधरा दिवसांत एक वकील शोधा, त्याच्यासमोर कागद पसरा आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून मला विचारत होतात तोच प्रश्न त्याला विचारा : "सगळं नीट आहे ना?"

मला उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. त्याला आहे, आणि तुम्ही फी दिल्यावर ते त्याचे कर्तव्यही आहे. ते उत्तर सहीनिशी हातात पडले की मगच दुय्यम निबंधकाच्या टेबलाशी या. तिथे बसलेल्या माणसाला मग तो प्रश्न विचारण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आपला,
नोंदणी खात्यातील एक निवृत्त दुय्यम निबंधक